वाळलेल्या गवताच्या बाजूनं

माझं सगळं बदललं ते याच घराच्या फाटकात, एका संध्याकाळी गुलाबाची कुंडी हातात घेऊन उभा होतो तेव्हा. अप्पांनी दार उघडलं. त्याच अप्पांसाठी आज तुम्ही सगळे या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलाय, आणि मला चारचौघांत बोलायची सवय नाही. चुकलो तर सांभाळून घ्या. तापलो तर मात्र आवरू नका.

कुंडी कुणासाठी होती ते आपल्या सप्तापुरात सगळ्यांना माहीत आहे. ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलीय. रेवती, अप्पांची मुलगी.

अप्पांनी विचारलं, कॉलेज? सोडलं म्हणालो. का सोडलं? मी कुंडी पुढं केली. त्यांनी कुंडी पायरीखाली ठेवली आणि कुदळ माझ्या हातात दिली.

"प्रेमात पडलायस ना? मग नुसता उभा राहून काय करणार? ती टणटणीची झुडपं उपट."

उपटली. दुसऱ्या दिवशीही उपटली. गुलाब त्यांनी शेजारी देऊन टाकला, मला ठेवून घेतलं.

मंडळी, अप्पा बागा करायचे असं आपण म्हणतो. पण कशा करायचे? आधी वर्षभर काहीच करायचे नाहीत. पाणी कुठं साचतं, ऊन कुठं टिकतं, पोरं कुठून आडवी पळतात, नुसतं बघायचे. "मोदलु नोडप्पा," म्हणायचे. आधी बघ. मग आपल्याच माळावरचं आणायचे. निर्गुडी, धायटी, करवंद, सोनकी आणि गवत. गवत तर हवंच.

देशपांडे नगरचे डॉक्टरकाका मागं बसलेत. काका, हसू नका, सांगतोच. काकांना ताबडतोब हिरवळ हवी होती. अप्पा म्हणाले, डॉक्टर, पेशंटला न तपासता औषध देता का? काकांना पटलं. काकू मात्र वर्षभर अप्पांशी बोलल्या नाहीत. पुढं बाग झाली, आणि दिवाळीनंतर काकांचा फोन आला, बाग मेली. आम्ही गेलो. अप्पांनी वाळलेली एक काडी घेतली, तळहातावर आपटली. काहीच पडलं नाही. म्हणाले, मेलेली नाही, पोटुशी आहे. बी गळेपर्यंत हात लावायचा नाही. काकांनी लावला नाही. काका, पुढच्या वर्षी काय झालं ते तुम्हीच सांगा यांना. आज फुलपाखरं बघायला कोण कोण येतं तुमच्याकडं, तेही सांगा.

हे सगळं मी का सांगतोय?

कारण आत्ताच, माझ्या आधी, श्रीधरअण्णा बोलले. अप्पांचे थोरले चिरंजीव, माझ्याहून मोठे, मान आहे त्यांना. ते म्हणाले, घरामागं अप्पांच्या बागेत जंगल माजलंय, उद्या सकाळी जेसीबी येतोय. सगळं साफ करून हिरवळ लावायची, मधोमध अप्पांचा अर्धपुतळा. अप्पांच्या आठवणीसाठी. आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

हिरवळ? अप्पांच्या आठवणीसाठी?

नाही अण्णा, खूण करू नका. मी बसणार नाही. तुम्ही बेंगळूरहून आलात, मागचं दार उघडलंत, सगळं वाळलेलं दिसलं. तुम्हाला वाटलं, अप्पांबरोबर बागही गेली. तुमचं दुःख खोटं नाही. पण काडी तळहातावर आपटून पाहिलीत का? मी आज सकाळी पाहिली. बी पडलं नाही. अजून आठवडाभर तरी पडायचं नाही. उद्या जेसीबी फिरला तर अप्पांचं इतक्या वर्षांचं काम पुढच्या पावसाळ्यात उगवणारच नाही. वाळलेलं उभं आहे ते मेलेलं नाही, एवढंच अप्पा जन्मभर सांगत होते. आणि आपण त्यांच्या फोटोला हार घालून ते विसरलो?

रेवती, तू तर सांग. कलघटगीच्या रस्त्याकडच्या माळावर आपण तिघं गेलो होतो. परत आलो तर तुझी ओढणी कुसळांनी भरलेली. तू चिडून झटकायला निघालीस. अप्पा म्हणाले, "झटकू नकोस पोरी, पेर." बागेतल्या विहिरीजवळ पायरीवर बसून तू एकेक काढलंस, एकेक मातीत खोचलंस. मी समोर बसून नुसता बघत होतो. बघायला अप्पांनीच शिकवलं होतं. विहिरीकडचं ते सगळं गवत तुझ्या ओढणीचं आहे.

माझं काय, मी या घराचा कोणी नाही. कुंडीचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, आजही मागत नाही. पण जेसीबीला नको म्हणायचा हक्क मला नाही, तुला आहे. एक शब्द बोललीस तरी अण्णा ऐकतील. तू गप्प का?

बरं.

आता आपण सगळे अप्पांसाठी दोन मिनिटं उभे राहू. तुम्ही इथं, फोटोसमोर उभे राहा. मी मागं जातो, गवतात उभा राहतो. माझी दोन मिनिटं जरा लांबतील. उद्या सकाळी जेसीबी येईल तेव्हाही मी तिथंच असेन.

वारा सुटलाय, धूळ आत येईल. मागचं दार ओढून घेतो. कडी लावत नाही, कुणाला यायचं असेल तर.

अप्पा, येतो.