आत्याचे धवले

पेणच्या स्टँडवर मालतीबाई रोह्याच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी गळ्याला रुमाल गुंडाळलेली एक म्हातारी आणि तिची भाची दर्शना बसली होती. दर्शनाच्या मुठीत काडेपेटीएवढा गाण्यांचा प्लेअर आणि त्याचे इअरफोन होते.

"लाव ना गो," म्हातारी घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात म्हणाली.

"भ्या वाटतं, आते."

"दुकानातच लावून बघायचं होतंस."

"तिथं धीर झाला नाय. दुकानदार म्हणाला, बॅटरी नवी घातलीय, पण खाऱ्या पाण्यात पडलेला, गाणी राहिली असतील का सांगता यायचं नाय."

"मिठागरात मीच पाडला ना गो."

"तुझं ऑपरेशन झालं, आवाज गेला. समदे लग्नाचे धवले याच्यातच हायत. उद्या रोह्याजवळ वरसे गावात हळद, आनि मला निम्मेच येतात."

"आता लाव. एक माज्या कानात घाल."

मालतीबाईंनी हातातलं मासिक मिटलं.

"आते!"

"काय गो? गेलं?"

"नाय गो! तूच गातेस! समदे हायत, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस!"

म्हातारीने डोळे मिटले. तिचा श्वास सुटला तेव्हा मालतीबाईंच्याही लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलो होतो.

"थांब, मागं घे. हितं एक कडवं गाळलंय मी."

"काय सांगतेस! मी तसंच पाठ केलंय."

"एवढी वर्सं?"

"तूच गायलेलं, चुकेल कसं वाटलं."

"मग रोह्यापर्यंत दुरुस्त कर. ऊठ, गाडी लागली."

मालतीबाई त्यांच्या मागच्याच सीटवर जाऊन बसल्या.