भावंडं मोजायची नाहीत

कारातिना गावच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे तापलेलं बाळ पाठीशी बांधलेली आई आणि तिची पहिलीतली लेक न्योकाबी उभ्या होत्या. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

“बाईंनी मधल्या सुट्टीपर्यंत उभं का केलं गं तुला?”

“भावंडांची चित्रं काढून मोजायला सांगितली. मी काढली, पण मोजली नाहीत.”

“अशानं दुसरीत घेणार नाहीत!”

“नाही तर नाही! बाटल्यांची झाकणं मोजली ना शंभरपर्यंत? माणसं मोजली की एखादं कमी होतं, आजीच म्हणते. आणि आपलं बाळ तापलंय.”

“बाईंना उलट बोललीस?”

“शेवटी एवढंच म्हटलं, बाई, आधी तुमची लेकरं मोजा.”

“अगं देवा! मग?”

“बाईंनी खडू उचलला. मग फळाच पुसून टाकला.”