धनगरी खरवसाची संमती

चीक मी विकला नाही, हे माझ्या घरात कुणालाच पटेना. आम्हा धनगरांत शेळी व्याली की चीक शेजारीपाजारी फुकट वाटतात. विकला तर कास आटते म्हणतात. आणि भवानी पेठेतल्या दुकानात खरवसाचे डबे, डब्यावर माझा फोटो, खाली लिहिलेलं, 'धनगर समाजाच्या संमतीने'.

सासू तर चार बायकांत म्हणाली, "हिनं घराण्याची अब्रू विकली."

मी तिला ओढतच दुकानात नेलं. वाटभर म्हणत होती, "जाऊ दे की गं, गुडघं दुखायलेत."

दुकानदाराला म्हटलं, "व्हय रं, संमती कुणाची घेतलीस? मला तर कुणी इचारलं न्हाय."

"काकू, विचारल्याशिवाय आम्ही काहीच घेत नाही," तो म्हणाला. "तुमच्या समाजाच्या अध्यक्षबाई वाटपाचा चीक घरोघरनं गोळा करून स्वतः आणून देतात. फोटोही त्यांनीच दिला. म्हणाल्या, सून फोटोत बरी दिसते."

"अध्यक्षबाई? आमच्यात कोण अध्यक्षबाई हाय?"

त्यानं माझ्या मागं उभ्या असलेल्या सासूला हात जोडले.

"ह्या काय, बायनाबाई."