अंबुताईंची बोथट सुरी

तर मंडळी, ऐका! आता जरा सैल बसा, गुडघे मोकळे करा, मुलांना खाऊ द्या. आजच्या कीर्तनात एक गोष्ट सांगायची आहे. पण आधी एक प्रश्न. आपलं एखाद्या माणसावर प्रेम आहे, तर त्या प्रेमापोटी त्याच्या हातातलं काम काढून घ्यावं का? "आई, तू बस गं, आराम कर!" हे म्हणणं पुण्याचं की नाही? बघा, पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना हलल्या! आमचे पेटीवालेसुद्धा हलले! थांबा हो, एवढी घाई नको.

फलटणला अंबुताई खांबेटे म्हणून एक बाई. वय बहात्तर. मुलगा श्रीरंग, कॉलेजात गणित शिकवतो. सून मृणाल, शाळेत. माणसं सोन्यासारखी! त्या अंबुताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "आजी, आता खाली बसणं बंद." झालं! खाली बसणं बंद म्हणजे विळी बंद. पन्नास वर्षांची विळी माळ्यावर गेली, आणि अंबुताई ओट्यापाशी सुरी घेऊन उभ्या राहिल्या. विळीवर भाजी पुढे सरकवायची, पातं जागचं हलत नाही. इथे सगळं उलटं! भाजी स्थिर आणि पातं हलतंय!

श्रीरंगाचा जीव खालीवर. "आईला लागलं तर?" म्हणून या गणिताच्या प्राध्यापकाने काय युक्ती काढली असेल? घरातल्या सुऱ्यांना धारच लावायची नाही! गल्लीत सायकलवाला यायचा, "धाऽऽर! सुरी-कात्रीला धाऽऽर!" की हा खिडकीतून हात हलवायचा, "आमच्याकडे नको, पुढे जा!" आणि मनात समाधान! आईला जपलं म्हणून! अहो, हसू नका. तुमच्या-माझ्यासारखाच भला माणूस आहे तो.

सहा महिने गेले. टोमॅटो चिरायचा म्हणजे चेचायचा. कांदा कापताना सुरी सालीवरूनच घसरायची. भाजीला तासभर लागायला लागला. मृणाल बिचारी मायेनं म्हणाली, "आई, उद्यापासून मी चिरलेली भाजीच आणते."  त्या दिवशी अंबुताई अर्धी पोळी खाऊन उठल्या.

दुसऱ्याच दिवशी आला रविवार. श्रीरंगाला घाऱ्या खायची लहर आली. घाऱ्या म्हणजे लाल भोपळा! आणि अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी घरातल्या पुरुषाने लावायची, ही आपल्याकडची रीत. का? मला विचारू नका. आमच्या आजीने मला कारण सांगितलं नाही, थेट सुरीच हातात दिली. तर मृणालने भोपळा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "चला प्राध्यापक, घाला घाव!"

श्रीरंगाने सुरी टेकवली, दाबली. काही नाही! अंगाचा भार टाकला — आणि सर्रकन सुरी सटकली, थेट डाव्या अंगठ्यावर! रक्त! "आई गं!" आई धावली, चिमूटभर हळद दाबून धरली. आणि हा चिडून म्हणतोय, "एवढी बोथट सुरी! कोण वापरतं ही?"

अंबुताई म्हणाल्या, "मी."

 त्यांनी डावा हात पालथा करून त्याच्यापुढे धरला. चारही बोटांवर बारीक बारीक व्रण! काही सुकलेले, एक तर कालचा. अहो, धारदार सुरी कापते, पण जिथे ठेवाल तिथे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती कुठे जाईल याचा नेम नाही!

श्रीरंगाचे डोळे भरले. "आई, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सुरीच काढून घेतली असतीस. मग मी दिवसभर करू काय रे? भिंतीकडे बघत बसू?"

त्याच संध्याकाळी मायलेक भांड्यांच्या दुकानात. दुकानदार कांतिलालशेठ, मोठा अनुभवी माणूस. श्रीरंग म्हणाला, "घरच्या घरी हाताने धार लावायचं साधन दाखवा. सगळ्यात चांगलं!" शेठ म्हणतात, "चांगलं नंतर. आधी सांगा, वापरणार कोण?"

"मी!" दोघं एकदम म्हणाली!

शेठने पहिलं काढलं, फटीतून सुरी ओढायचं. चार वेळा ओढा की धार आली. "पण लोखंड फार खरवडतं हो, सुरी लवकर झिजते." दुसरं काढलं, सुरी चिमट्यात आवळायची, कोन ठरवायचा, दगड सरकवायचा. कोन? गणिताचा माणूस पाघळलाच! "आई, हेच घेऊ, वीस अंशाला पक्कं बसतं!" पण त्याचे स्क्रू बारीक, अंबुताईंच्या बोटांनी फिरेनात. तिसरा होता साधा दगड, एक बाजू खरखरीत, एक मऊ. पाण्याने भिजवायचा, खाली ओलं फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही. "धार सगळ्यात छान, पण हात बसायला वेळ लागतो," शेठ म्हणाले.

अंबुताईंनी दगडावरून तळवा फिरवला आणि हसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा! "अरे, हे तर पाट्यावर वाटण वाटल्यासारखंच! हेच द्या."

"आई, तुला कोन कसा कळणार?"

"शेठ सांगतायत ना! सुरीच्या पाठीखाली करंगळीचं टोक जाईल एवढी फट. तू फळ्यापाशी उभा राहतोस तेव्हा मी येऊन तुझा खडू काढून घेते का रे?"

पहिल्या दिवशी धार आली नाही. दुसऱ्या दिवशी पात्यावर ओरखडे आले. श्रीरंग दाराची चौकट धरून उभा, सारखे हात पुढे येतायत, हा मागे घेतोय. "तू जा बरं, पेपर वाच!" चौथ्या दिवशी आईने टोमॅटोवर सुरी नुसती टेकवली आणि ओढली. पातळ चकती अलगद बाजूला पडली. "मृणाल, आजची भाजी मी करते गं," त्या आतून ओरडल्या, आणि त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या.

आता मंडळी, मघाचा प्रश्न. माना हलवणारे गप्प का?

मी सांगतो. माझी आई गेली. शेवटची दोन वर्षं मी तिला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. गाव म्हणायचं, "बुवा आईची काय सेवा करतात!" मला ते गोड लागायचं. आणि ती रोज म्हणायची, "अरे, निदान कोथिंबीर तरी निवडायला दे." मी दिली नाही. दोन वर्षं, मंडळी! जुडीभर कोथिंबीर दिली नाही मी तिला!

तुमची आहे ना घरी? मग उद्या सकाळी भाजीची पिशवी तिच्यापुढे ठेवा आणि विचारा, "आई, आज काय करतेस?" वेळ लागेल. लागू दे. मुलांना शाळेला उशीर होईल, होऊ दे. ज्याने तिला हात दिले, त्या देवाचं नाव आता तुम्हीच मोठ्याने घ्या. मला आज वरचा सूर लावता येणार नाही.