अंगणातला एअर फ्रायर

आमच्या घरात मटण पहिल्यांदा आत कसं आलं, ते सांगते. केजच्या आमच्या घरात मटण शिजायचं ते अंगणातल्या चुलीवरच, कारण सासूबाई माळकरी. वीस वर्षं मी त्या धुरात डोळे चोळले. मग लेकीनं एअर फ्रायर आणून दिला. मी तोही अंगणातच मांडला, वायर तेवढी खिडकीतून स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावली. दह्यात मुरवलेलं मटण आणि बटाट्याच्या फोडी ठेवून चाळीस मिनिटं लावली.

निम्मा वेळ झाला असेल, तोच सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, ही वायर माझ्या ओट्यापर्यंत आलीय की! बाटलं न्हाई का घर?"

"आत्याबाई, वायरीतून मटण येत न्हाई."

"येऊ न्हाईतर न येऊ. बाटलं म्हंजी बाटलं!"

"समदं घर?"

"समदं!"

"मग मी एकटीच उन्हात का म्हून बसू?"

मी बटण बंद केलं, फ्रायर उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओट्यावर नेऊन ठेवला. उरलेली वीस मिनिटं तिथंच पुरी केली. अंगणातली चूल दुसऱ्या दिवशी मी माझ्या हातानं मोडली.