वीतभर कोट मीच शिवला याबाबत

दि. ११/०२/२०२५, वेळ दुपारी १.४०

नाव सरदारबी बंदेनवाज शेख, वय ६७ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. विजापूर वेस, सोलापूर. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायाने पोलीस ठाण्यात आले असून जे विचारले ते आणि जे विचारले नाही तेही सांगते, ते असे की,

मी पन्नास वर्षे शिवणकाम करते. बुरखे, शेरवान्या, शाळेचे गणवेश असे काम असते. मराठी बोलता येते, वाचता फक्त उर्दू येते. माझी धाकटी बहीण महेजबीन मयत असून तिचा मुलगा तन्वीर, वय २४, हा माझ्याकडेच वाढला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याला कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली आहे, फक्त पोलीस पडताळणी बाकी आहे. आज त्याच्याविरुद्धच्या अर्जाची चौकशी आहे. गुन्हा दाखल झाला तर नोकरी गेली, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

दिवाळीनंतर तन्वीरने पुण्याच्या एका माणसाकडून इंग्रजी सिनेमातल्या कुठल्याशा शिकाऱ्याचा बाहुला विकत आणला. उंची एक फूट. बाहुला परदेशी कंपनीचा. असल्या बाहुल्यांचे शौकीन असतात, ते खेळत नाहीत, काचेच्या कपाटात ठेवून बघत बसतात. बाहुल्याच्या अंगावरच्या रेक्झिनच्या कोटाचे पापुद्रे निघाले होते. हात लावला की काळा कोंडा पडायचा. तन्वीरने एक जुना मऊ कातडी हातमोजा आणून दिला आणि त्यातून तसाच कोट शिवून मागितला. मी तो अकरा दिवसांत हाताने शिवला. रोज सकाळी उजेडाला उंबऱ्यावर बसून शिवला. कॉलर, कमरेचा पट्टा आणि चार खिसे. खिशात तांदळाचा दाणा जातो की नाही ते घालून पाहिले. जातो.

जानेवारीत तन्वीरने तो बाहुला आदिनाथ बिराजदार, रा. मंद्रूप, यांना विकला. ते तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत कामाला आहेत. विकताना मोबाईलवर लिहून दिले होते की बाहुला कंपनीचा, कोट नवा, घरी शिवलेला. तो मेसेज उपनिरीक्षक उत्कर्षा मॅडम यांनी पाहिला आहे.

आदिनाथ यांनी तीन दिवस भिंग व माप घेऊन बाहुला तपासला आणि त्याचा कागद केला. तो त्यांनी आज ठाण्यात वाचून दाखवला. केसांचा रंग कपाळावर उतरला आहे. डावा गुडघा ढिला आहे. एक डोळा समोर पाहतो, एक दाराकडे. कोटापुढे मात्र ‘दोष नाही’ असे लिहिले होते. इंचात बावीस टाके, सगळे सारखे. यावरून त्यांनी असे ठरवले की बाहुला नकली असून कोट तेवढा कंपनीचा अस्सल आहे, म्हणजे तो कोणाच्या तरी अस्सल बाहुल्याच्या अंगावरून चोरला आहे, आणि तन्वीरविरुद्ध अर्ज दिला. ते मॅडमना म्हणाले, "ह्यो कोट सोलापुरात शिवलेला न्हाय. मी लई बघितल्यात. हितं कुणाच्या हाताला एवढी सफाई न्हाय."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. भाचा समोर बाकावर बसलेला होता, तरी मला बरे वाटले. हेही लिहा, असे मी हवालदार गुरप्पा यांना सांगितले, म्हणून लिहिले आहे.

कोट मी शिवला असे मी म्हणाले. आदिनाथ यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिले व म्हणाले, "मावशी, भाच्यासाठी बोलताय, समजतंय की. पन कोट बघा आन् मग बोला." मॅडमनी पुरावा मागितला. हातमोज्याची एक चिंधीही उरलेली नाही. पुन्हा शिवून दाखवते म्हटले, पण त्याला अकरा दिवस लागतात, आणि चौकशी आज आहे. हवालदारांनी निदान चार टाके घालून दाखवा म्हणून सुईदोरा दिला. ट्यूबलाईटच्या उजेडात मला तीन वेळा दोरा ओवता आला नाही. तेव्हा आदिनाथ यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही.

मग जे मी तन्वीरलाही सांगितले नव्हते ते सांगितले. मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या होत्या. शिवण शिकायला येणारी पोरगी पहिल्या आठवड्यात ही चूक करते आणि मी तिला बोलते. दुसरे कातडे नव्हते. म्हणून डावीकडची बाही जिथे कमी पडली तिथे हातमोज्याच्या अंगठ्याचा तुकडा काखेत जोडला. मी म्हणाले, "डावी बाही उलटी करा. जोंधळ्याएवढा जोड हाय. सात टाके. शेवटचा दुहेरी."

आदिनाथ यांनी चिमट्याने कोट उतरवला, बाही उलटी केली आणि भिंगातून बराच वेळ पाहिले. "सात," म्हणाले. "व्हय, शेवटचा दुहेरी." तन्वीर म्हणाला, "खाला, तुम और गलती?" मी त्याच्याकडे पाहिले नाही. मला लाज वाटली. तो सुटणार याचा आनंद होता, पण लाज वाटायची ती वाटलीच.

आदिनाथ यांनी तक्रार नसल्याचे लिहून दिले. आपल्या कागदावर ‘दोष नाही’ खोडून ‘डाव्या काखेत जोड’ असे लिहिले. मी कोट अर्धा तास मागितला, जोड काढून नीट करते म्हणून. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की मावशी. कुनाला दिसत न्हाय." मी म्हणाले, "सकाळपर्यंत दिसत नव्हता." त्यांनी कोट परत बाहुल्याच्या अंगात घातला व खोका बंद केला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हवालदार गुरप्पा यांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. बाह्यांबद्दलचा मजकूर गाळता येईल का, असे मी विचारले. तेवढा गाळला तर तुमच्या भाच्याच्या बाजूने कागदावर काहीच उरत नाही, असे मॅडम म्हणाल्या. म्हणून तो राहू दिला आहे. लिहिले आहे ते मी सांगितल्याप्रमाणे असून खरे आहे. खाली माझी उर्दूत सही आहे.