शटरवरचे नाना पैलवान

खोटं वाटेल, पण आमच्या धुळ्यात एकदा व्हिडिओ गेमच्या मतदानात जिवंत माणूस निवडून आला होता. दोष माझाच.

गल्लीत अशोकशेठचं गेम पार्लर निघालं आणि समोरचा नाना पैलवानांचा आखाडा ओस पडला. नाना तरी रोज सकाळी माती भिजवून दारात बसायचे.

शेठला शटरवर आमच्या लाडक्या फायटरचं चित्र काढायचं होतं. कोणाचं, यावरून आमची भांडणं. "भांडू नका, मतं टाका," म्हणत त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'नाना पैलवान'. सांगितलं फक्त दोघांना, शपथ!

डबा उघडला, तर एकूण एक चिठ्ठी नानांची.

"अरे, हा कोणत्या गेममध्ये आहे?" शेठ ओरडले.

"शेठ, जनतेचा कौल आहे," मी म्हणालो.

शेठ शब्दाचे पक्के. पेंटरने लंगोट, मिशा, शड्डू ठोकणारा हात, सगळं हुबेहूब रंगवलं. नानांना आम्ही हाताला धरून आणलं. शेठने शटर खाली ओढलं. नानांनी चित्रातल्या मिशीवरून बोट फिरवलं.

"इतला पोरेस्नी माले मत दिधं?"

"हो नाना, बठ्ठ्यांनी, एकूण एकानं!"

नाना आमच्याकडे वळले. "मंग आखाडामा एकबी का येत नही रे? माती ते मी रोज भिजाडस."

नानांची सगळी मतं, माझ्यासकट, तिथंच उभी होती.